मावशीच्या मशीनची नवी कारभारीण

२ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्ता हाच आहे ना, की पुन्हा बदललास? माझं पत्र येईपर्यंत तू पुढच्या कामावर गेलेला असतोस, आणि ते पत्र तिथल्या मालकाच्या खिळ्याला लटकत राहतं. हे तसं लटकू नये एवढीच इच्छा.

फोन करू नकोस. मोबाईल मेला आहे, आणि जिवंत होता तेव्हा तरी मला कुठे ऐकू येत होतं! आता डावा कानही उजव्याच्या वळणावर गेलाय.

बातमी एकच. वर्कशॉप बंद करतेय. विणायचं मशीन ठणठणीत आहे, अजून वीस वर्षं सहज चालेल. पण त्याला डिझाइन सांगणारा कॉम्प्युटर आडवा झालाय. सकाळी बटण दाबावं, केर काढावा, चहा प्यावा, शंकूवर गुंडाळलेले लोकरीचे कोन लावावेत, तरी हा आपला गोल गोल फिरतोच आहे. सुरू झाला की पाटी दाखवतो, ‘तुमची सिस्टिम जुनी झाली, आता आम्ही तिची जबाबदारी घेत नाही.’ रोज. अरे, एकदा सांगितलंस, कळलं की!

दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, "मावशी, भंगारात द्या." नवीन घ्यावा तर मशीनची वायर नव्यात बसत नाही आणि जुना प्रोग्राम नव्यावर चालत नाही. म्हणजे शेपटीसाठी हत्ती बदला.

तुझा दादा म्हणतो, "आई, बावीस वर्षं विणलंस, आता पुरे. आमच्याकडे ये." ३१ मार्चला टेम्पो घेऊन येतोय. लेक प्रेमानं बोलावतोय, त्याला नावं कशी ठेवू? सून पण चांगली आहे. खोलीला रंगसुद्धा दिलाय त्यांनी.

सोमवारी विजेच्या खांबांवर चढणारी ती लाइनमन मंडळी आली होती. चाळीस स्वेटर हवेत, छातीवर पिवळा पट्टा. मी नाही म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दिवसभर जिभेला चव नव्हती.

चारशे बारा डिझाइनं आहेत त्या कॉम्प्युटरच्या डब्यात. त्यांचं काय करायचं कळत नाही. असो, तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिलं. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

लांबूनच पाया पडतो. पत्र खिळ्यावर नाही, हातात मिळालं. आणि ऐक, काही बंद करायचं नाही. कोन आवरू नकोस, मशीनवर कापड टाकू नकोस आणि दादाच्या रंगाचं कौतुक लांबूनच कर.

तू विचारत नाहीस म्हणून मी सांगितलं नाही, पण मी सध्या जुन्या कॉम्प्युटरांच्याच शेडमध्ये आहे. बर्फाच्या कारखान्यात बोटं गोठली, रंगकामात शिडी सरकली, लिफ्टवाल्यांशी पटलं नाही, ते सगळं तुला माहीत आहे. इथे ऑफिसांनी टाकून दिलेली मशिनं ट्रकनं येतात. मी ती उतरवतो, उघडतो, फुंकर मारतो, स्क्रू झाकणांमध्ये वेगवेगळे करतो. एकेका की-बोर्डवरची अक्षरं बोटांनी पार पुसलेली असतात. वाटतं, काय काय लिहिलं असेल या माणसानं! मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, कारण या डब्यांत लोकांची गुपितं असतात.

तर इथे एक मास्तर आहेत. शाळेतले नव्हेत, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. गेल्या महिन्यात मी एक डबा भंगाराच्या ढिगात फेकायला निघालो होतो. त्यावर कुणीतरी खडूनं फुली मारलेली. मास्तर म्हणाले, "ठेव खाली. मेला कशावरून? दम लागलाय त्याला." खिशातून पेन ड्राइव्ह काढला, खोचला, बटण दाबलं. मावशी, तुझी शपथ, माझा स्क्रू हातातच राहिला. मिनिटभरात तो डबा असा उठला, जणू दुपारची झोप काढून आलाय.

मी म्हटलं, "मास्तर, आत काय बदललंत?"

"काही नाही. फक्त कारभारीण बदलली."

म्हणजे असं. कॉम्प्युटर हे घर. ऑपरेटिंग सिस्टिम ही घरातली कारभारीण. कुणाला कुठे बसवायचं, काय कुठल्या फडताळात ठेवायचं, सगळं तिच्या हातात. आपल्याला वाटतं घर आणि कारभारीण एकच. तसं नसतं! तुझ्या घराच्या भिंती मजबूत आहेत. कारभारणीचा पसाराच एवढा वाढलाय की तिला उठवत नाही. दुसरी एक आहे, लिनक्स नावाची. अंगानं हलकी. आणि मालक कुणी एक नाही. जगभरातल्या हजारो माणसांनी मिळून केलीय, कुणी दिवसाचं काम संपवून, कुणी सुट्टीच्या दिवशी, आणि ज्याला हवी त्याला द्यायची असं ठरवून टाकलंय. मी मास्तरांना तीनदा विचारलं, "पण यात त्यांचं काय?" ते म्हणाले, "तुला जमत असतं तर तू केलं असतंस का?" केलं असतं, मावशी. सातवी नापास माणसाला असं काही जमत असतं तर छपरावर चढून वाटलं असतं.

आणि आणखी एक. तुझ्याच जातीच्या मशीनसाठी कुणीतरी प्रोग्राम लिहून ठेवलाय, फुकट. मास्तरांनी शोधून दिला. तुझी जुनी डिझाइनं त्यात उघडतात म्हणे. तो पण पेन ड्राइव्हवर टाकलाय. पाकिटात पुठ्ठ्याला चिकटवलाय, फाडताना जपून.

आता कसं करायचं ते. हा कागद स्क्रीनला टेकवून ठेव.

कॉम्प्युटर बंद असताना पेन ड्राइव्ह खोच. बटण दाबलंस की लगेच वरच्या रांगेतलं एफ-बारा टपटप दाबत राहा, दार उघडेपर्यंत कडी वाजवतात तसं. एक यादी येईल, त्यात पेन ड्राइव्हचं नाव निवड. भाषा विचारेल ती सांग. मग ‘बसवू का’ विचारेल, हो म्हण. मग ‘डिस्क पूर्ण पुसून टाकू का’ विचारेल, त्यालाही हो म्हण, घाबरू नकोस. मग चहा पिऊन ये.

झालं! स्वेटरवाल्यांना होकार कळव.

तुझा भिंगरी


१४ फेब्रुवारी

मावशी,

थांब. हे पत्र आधी मिळालं तर परवाचं उघडूच नकोस. ते आधी मिळालं असेल आणि तू अजून काही केलं नसशील, तर करू नकोस. केलं असशील तर मला काय बोलायचं ते बोल.

आज डबा खाताना मी मास्तरांना छाती फुगवून सांगत होतो, मावशीला सगळं समजावून लिहिलं म्हणून. ते म्हणाले, "वा. आणि तिची कामं दुसरीकडे उतरवून घ्यायला काय सांगितलंस?"

मी घास परत डब्यात ठेवला. मी सांगितलंच नाही. अगं, इथे येणाऱ्या डब्यांचं पहिलं काम पुसणं हेच असतं. दिवसातून तीसदा ‘पुसू का’ला हो म्हणून म्हणून हाताला सवय झालीय. ज्या डब्यात कुणाचे जपून ठेवलेले टाके आहेत असा डबा माझ्या हातात कधी आलाच नाही.

तुझे चारशे बारा. एक हो म्हटलंस की सगळे साफ.

दादाला फोन केला, म्हटलं आत्ताच्या आत्ता जा. तो म्हणाला, "तीनशे मैलांवरून मी कसा जाऊ? आणि हे बघ, पुसलं गेलं तर एका परीनं बरंच, तिचाही जीव सुटेल." मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही, मोठा आहे तो.

मावशी, तू सांगितलेलं अक्षर न् अक्षर करणारी बाई आहेस. याच गोष्टीची आज भीती वाटतेय.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरी,

पहिलं पत्र शुक्रवारी आलं, दुसरं आत्ता. म्हणजे मधले तीन दिवस तुझा कागद स्क्रीनला टेकलेला होता आणि मी त्यातलं अक्षर न् अक्षर करत होते. आता पाणी पी.

प्यायलास? ऐक मग. डिझाइनं आहेत. चारशे बाराच्या चारशे बारा.

तू विसरलास की तुझी मावशी विणणारी आहे. अरे, आपल्यात कुणी नवीन लोकर हाती आली की थेट स्वेटर घालतं का मशीनवर? आधी चार बोटांचा नमुना विणायचा. धुवायचा, ओढायचा, आटतो किती, रंग सोडतो का बघायचं. मोठमोठ्या गिऱ्हाइकांना मी ताटकळत ठेवलंय त्यासाठी. तर तुझी कारभारीण ‘बसवू का’ विचारत होती, तिथेच शेजारी दुसरं बटण होतं, ‘न बसवता वापरून बघा’. मी म्हटलं, ही शहाणी दिसते, हिच्याकडे नमुन्याची सोय आहे! तेच दाबलं. तीन दिवस ती पेन ड्राइव्हवरूनच कारभार करतेय, घरातल्या एका भांड्यालाही हात न लावता. तुझी पुसापुशीची ओळ आली त्याच्या आधीच मी गाडीतून उतरले होते.

आणि बाई चांगली आहे रे. केर काढायच्या आत उठते. पाट्या दाखवत नाही. नाव-गाव-वय विचारत नाही. पण ज्याचं मला नवल वाटलं ते सांगते. भाषा विचारली तेव्हा यादीत खाली खाली गेले, तर तिथे मराठी! बावीस वर्षं मी ‘सेव्ह’ आणि ‘ओपन’ची चित्रं पाठ करून काम केलं. आता ‘जतन करा’ म्हणते, ‘उघडा’ म्हणते. काही शब्द असे जड आहेत की वाटावं एखादा कीर्तनकार आत बसलाय. पण कुणीतरी बसून एकेक शब्द लावलाय. माझ्यासारख्या कुणासाठी तरी. ती माणसं कोण, त्यांना कुठे सांगायचं की बाबांनो, पोचलं?

जुनी डिझाइनं नव्या प्रोग्राममध्ये उघडली. सातवं बघून हसले. तू सहा वर्षांचा असताना तुझ्यासाठी केलेलं, बदक. बदकाला तीन पाय आहेत, तूच हट्ट केला होतास.

आता वाईट भाग. मशीन हलत नाही. वायर लावली, डिझाइन निवडलं, ‘विणा’ म्हटलं, तर ‘परवानगी नाही’. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. मशीनला तेल घातलं, वायर पुसली. काही नाही. कारभारीण गोड, पण स्वयंपाकघराची किल्ली देत नाही.

दादाचं पत्र आलंय, टेम्पो ठरवला. लाइनमन मंडळींना मी अजून काही कळवलेलं नाही. न चालणाऱ्या मशीनवर होकार कसा देऊ?

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. पण पुढच्या वेळी आधी नमुना.

मावशी


६ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी शेडमध्ये उभ्यानं वाचलं. ‘चारशे बाराच्या चारशे बारा’ला एवढ्या जोरात ओरडलो की फोर्कलिफ्टवाल्यानं ब्रेक मारला. मास्तरांना वाचून दाखवलं. नमुन्यापाशी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ही बाई इथे हवी होती. तू तिथे लोकर गुंडाळायला." मी काही उलट बोललो नाही, खरंच आहे ते.

आता ‘परवानगी नाही’चं. मास्तर ऐकून खूश झाले. म्हणाले, "हे बिघडलेलं नाही, हे चांगलं आहे." ही सिस्टिम कुणालाही उगाच मशीनला हात लावू देत नाही. घरात कोण आलं, कोण पाहुणा, कोण मालक, याची तिच्याकडे यादी असते. तुझं नाव अजून मशीनच्या यादीत नाही. आणि घालणार कोण? कंपनी नाही, दुकानदार नाही. तूच! तुझा पासवर्ड, तुझी सही. त्यासाठी एक इंग्रजी ओळ टाइप करायची. ती वेगळ्या कार्डावर मास्तरांनी त्यांच्या हातानं काढलीय, माझ्या अक्षरावर त्यांचा भरवसा नाही. जिथे मोकळी जागा आहे तिथे त्यांनी लाल टिंब दिलंय, टिंब टाइप करायचं नाही. मग बंद करून पुन्हा सुरू कर, नाहीतर तिला कळत नाही.

पण हे पेन ड्राइव्हवर टिकणार नाही, बंद केलं की विसरते. म्हणून आता बसवावीच लागेल. आधी डिझाइनं उतरवून घे. दोन ठिकाणी. तुला सांगायला नको, पण मला लिहायलाच हवं.

आणखी एक केलं. हा मशीनचा प्रोग्राम कुणी लिहिला ते मास्तरांनी शोधलं, आणि मी त्या पत्त्यावर लिहिलं. इंग्रजी मास्तरांचं, मजकूर माझा: माझ्या मावशीचं मशीन अमुक सालचं आहे, चालेल का? मला वाटलं कोण उत्तर देतंय. दुसऱ्या दिवशी उत्तर! ती पण बाईच आहे, कुठल्याशा दूरच्या देशातली. म्हणाली, इतकं जुनं मशीन माझ्याकडे नाही, त्याला दोन ओळींमध्ये जरा जास्त थांबावं लागेल, नाहीतर टाके गळतील. आणि लगेच बदल करून पाठवला. ना ओळख, ना पाळख, ना नातं. मावशी, तुझ्या मशीनला दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून जगाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसून काम करते. मी त्या दिवशी शेडबाहेर नुसता चालत राहिलो.

नवीन पेन ड्राइव्हवर तिचा दुरुस्त प्रोग्राम आहे.

एक खरं सांगतो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा माझी बॅग भरलेली होती. इथूनही निघणार होतो, एक तारखेला. कुठे ते ठरलं नव्हतं. मग तुझ्या कामासाठी मास्तरांच्या टेबलाशी बसायला लागलो, आणि बॅगेतला एकेक शर्ट बाहेर आला. आता ती पलंगाखाली रिकामीच आहे.

तुझा भिंगरी


१६ मार्च

भिंगरी,

घाईत लिहितेय.

डिझाइनं तीन ठिकाणी उतरवली. एक माझ्याकडे, एक शेजारच्या शिंपीणबाईंच्या कपाटात, एक पिठाच्या डब्यात. मग ‘पुसून टाकू का’ आलं. बोट बटणावर ठेवून बराच वेळ बसले. बावीस वर्षं होती रे ती जुनी. कुरकुर करत का होईना, बावीस हिवाळे तिनं माझ्याबरोबर विणले. तिला ‘बरं, ये हं’ म्हटलं आणि दाबलं.

मास्तरांची ओळ टाइप केली. पासवर्ड विचारला, टाकला. बंद केलं, सुरू केलं. डिझाइन निवडलं. ‘विणा’.

मला मशीनचा आवाज येत नाही, तुला माहीत आहे. मी टेबलावर तळहात ठेवते. पहिल्यांदा काहीच नाही. आणि मग तळहाताला लागलं, डावीकडून उजवीकडे, एक थांबा, उजवीकडून डावीकडे. त्या बाईनं दिलेला थांबा. एकही टाका गळला नाही.

पहिला तुकडा धुवायला टाकलाय. आटला नाही तर उद्या लाइनमन मंडळींकडे स्वतः जाते.

मावशी


२६ मार्च

मावशी,

आज रात्रपाळीवाल्यांपासून गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना तुझं पत्र ठाऊक झालंय. चहावाला विचारतो, "आटला का रे तुकडा?" त्या प्रोग्रामवाल्या बाईला पण कळवलं. ती म्हणाली, तळहातावरून मशीन ऐकणाऱ्या बाईबद्दल तिनं घरी जेवताना सगळ्यांना सांगितलं.

पण ३१ तारीख आली. दादाला मी काही बोललो नाही. तुझं उत्तर तुलाच द्यायचंय. तू ‘हो’ म्हणालीस तरी मी रागावणार नाही. एकटी राहतेस, कान असे, त्याची काळजी खोटी नाही, हे मलाही समजतं. फक्त कॉम्प्युटर चालत नाही म्हणून गेलीस, असं मात्र आता कुणी म्हणू शकणार नाही.

काय ते लगेच कळव.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरी,

तुकडा आटला नाही.

दादा परवा सकाळी आला. टेम्पोवाल्याला म्हणाला, "दोन तासांत निघू." आत आला, तर मशीन चालू, सव्वीस स्वेटर घडी घालून ठेवलेले, आणि त्याची बसायची खुर्ची पिवळ्या कोनांनी भरलेली. उभाच राहिला.

मग वहीत लिहून विचारायला लागला. आम्ही असंच बोलतो आता, तो लिहितो, मी तोंडानं बोलते.

‘आई, हे कुणी चालू केलं?’

"मी."

‘म्हणजे कोण येऊन गेलं?’

"कुणी नाही. भिंगरीनं पत्रानं सांगितलं, मास्तरांनी ओळ दिली, एका परदेशातल्या बाईनं प्रोग्राम दिला. दाबलं मी."

त्यानं वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, ‘तो सातवी नापास?’

म्हटलं, "हो, तोच. आणि मी चौथी."

कॉम्प्युटरसमोर बसला. तो ऑफिसात दिवसभर यावरच काम करतो, त्यामुळे त्याला वाटलं सहज जमेल. इकडे दाबलं, तिकडे दाबलं. काहीतरी बदलायला गेला तर पासवर्ड मागितला. वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उठ, मला बसू दे." त्याच्याकडे पाठ करून पासवर्ड टाकला. इतका मोठा बाप्या झालाय, पण तोंड असं केलं जणू मी लाडवाचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

मग खरं बोलला. लिहिलं नाही, तोंडानंच बोलला, हळूहळू, मला ओठ दिसतील असा. "मला भीती वाटते गं. रात्री काही झालं तर तुला दारावरची थापही ऐकू येणार नाही."

ती भीती मलाही आहे, फक्त मी सांगत नाही. म्हणून आम्ही दोघांनी बसून ठरवलं. शिंपीणबाईंकडे एक किल्ली राहील. रोज सकाळी मी खिडकीचा पडदा उघडीन, नाही उघडला तर त्या आत येतील. दादा मला नवा मोबाईल पाठवणार आहे, उशीखाली थरथरून जागं करणारा. आणि सुट्ट्यांत मी त्या रंगवलेल्या खोलीत जाऊन राहीन, पंधरा दिवस. रंग कुठला ते विचारलं, तर फिका हिरवा. चांगला निवडलाय.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता म्हणे. दादानं त्याला चहा दिला, परत पाठवला आणि स्वतः रात्री राहिला. स्वेटरांना लेबलं लावली. वाकडी लावतो, पण लावली.

सकाळी निघताना दारात थांबून म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी परत विचारू?"

म्हटलं, "विचार की. दरवर्षी विचार. ज्या वर्षी माझ्या हातात काम नसेल त्या वर्षी येईन."

तो हसला. जाताना मशीनवर तळहात ठेवून गेला, किती वेळ ते मी बघितलं नाही, माझं लक्ष पट्ट्याकडे होतं. पिवळा कोन संपत आला होता.

लाइनमन पुढच्या बुधवारी येणार आहेत. अजून दहा राहिलेत. उठते.

तुझी मावशी